बुडालेली गिरणी आणि गल्लीचा ग्रुप: बडोद्यातलं एक प्रकरण

2024 ची जन्माष्टमी 26 ऑगस्टला होती. त्या दिवशी बडोद्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून उतरते आणि शहराच्या मधोमध जाते. वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. वर पाऊस, आजव्यातून येणारं पाणी आणि शहरातला पाऊस, तिन्ही एकदम झालं की काय होतं ते आम्ही 2019 च्या जुलैअखेरीस पाहिलं होतं. या वेळी त्याहून जास्त झालं. काळा घोडा पुलाशी नदीची पातळी मोजतात. धोक्याची रेघ 25 फुटांच्या आसपास आहे आणि पाणी 35 फुटांच्या वर गेलं. लष्कर आलं, बोटी आल्या, सोसायट्यांच्या आवारातून मगरी पकडून नेल्या. कारेलीबागेतली आमची गल्ली तीन दिवस पाण्यात होती.

हे लिहिण्याचं कारण पूर नाही. पूर ओसरल्यानंतरच्या दोन महिन्यांत गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपने एका पिठाच्या गिरणीला उभं केलं. त्याच ग्रुपने एका शिवणकामाच्या दुकानाचं नुकसानही केलं. दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या, कारण हिशोबाची वही माझ्याकडे होती. अनेक गावांत असे ग्रुप आहेत, आणि पूर, आग, रस्त्याची लांबलेली खोदाई असं काहीतरी प्रत्येक बाजाराच्या वाट्याला कधी ना कधी येतं. म्हणून आमच्याकडे जे घडलं ते जसंच्या तसं सांगते. नावं कोणाचीच देत नाही.

डबे

गिरणी काकांची. त्यांच्या वडिलांनी सुरू केली, आता काका आणि त्यांची सून चालवतात. आत दोन जाती. मोठं गव्हा-ज्वारी-बाजरीचं, धाकटं तांदूळ आणि डाळीचं. दोघांना वेगळ्या मोटरी. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत घरघंटी आहे, तरी महिन्याचं दळण काकांकडेच येतं. जात्याचं पीठ वेगळं लागतं, आणि डबा टाकून भाजीला जाता येतं.

सोमवारी सणाची सुट्टी म्हणून रविवारी लोकांनी डबे टाकून ठेवले होते. सदतीस डबे. पाणी चढलं तेव्हा काका आणि सून वरच्या मजल्यावरून बघत होते. खाली उतरायची सोय नव्हती. शुक्रवारी पाणी उतरलं आणि शटर उघडलं तेव्हा गहू फुगून डब्यांची झाकणं वर आली होती. आंबूस वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. दोन्ही मोटरींत गाळ. उधारीची वही लाकडी खणात होती, तिचा लगदा.

आमचा ग्रुप गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेला. पुढे टँकर, हरवलेली मांजरं, कुणाच्या मुलाला ट्यूशन हवी, असं सगळं त्यावर येऊ लागलं. तीनशेच्या वर माणसं. नंबर जोडण्याआधी आम्ही घर नंबर विचारतो, त्यामुळे अनोळखी कोणी नाही. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. अमेरिकेत नेक्स्टडोअर नावाचं शेजाऱ्यांचं जाळं 2011 पासून आहे. तिथेही आत येण्याआधी पत्ता पडताळतात, आणि त्याची सगळी ताकद त्याच एका अटीत आहे. पैशांची गोष्ट निघाली की समोरचा माणूस कुठे राहतो हे माहीत असावं लागतं.

वीज आणि नेटवर्क परत आलं तसे ग्रुपवर पहिले मेसेज आले ते डब्यांचे. "काकांकडे माझा स्टीलचा डबा होता." "आमचे दहा किलो सिहोर गहू." कोणी रागाने लिहिलं नव्हतं, पण एकामागून एक दहा-बारा मेसेज वाचले की हिशोब मागितल्यासारखं दिसतं. सून मला नंतर म्हणाली, त्या रात्री काका जेवले नाहीत. सदतीस जणांचे गहू भरून द्यायचे कुठून?

मग कोपऱ्यातल्या घरातल्या आजींनी नातवाकडून लिहून घेतलं: "माझे आठ किलो गहू गिरणीत गेले. ते पुराने नेले, काकांनी नाही. मला डबा तेवढा धुऊन मिळावा." आजींचं वय ऐंशीच्या पुढचं. त्यानंतर गव्हाबद्दल ग्रुपवर एक अक्षर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सात-आठ जण पाइप आणि खराटे घेऊन गिरणीत गेले आणि डबे धुऊन ओट्यावर उपडे घातले. मी हिशोबातली बाई आहे, भावनेच्या गोष्टी मला लिहिता येत नाहीत. पण पुढे जे जे जमलं त्याची सुरुवात त्या मेसेजपासून झाली असं मी मानते. अशा वेळी ग्रुपवर पहिला सूर कोणाचा लागतो यावर फार अवलंबून असतं. तो मान असलेल्या माणसाचा लागावा हे ग्रुप चालवणाऱ्याने बघायला हवं. आमच्याकडे तो आपोआप लागला.

देणगी नको

शनिवारी एका तरुण मुलाने, मनापासून, एक पोस्ट टाकली. गाळात बसलेल्या काकांचा फोटो, खाली क्यूआर कोड, वर "आपल्या काकांना मदत करा". तासाभरात तीन-चार हजार रुपये जमा झाले. तासाभराने काका माझ्या दारात उभे.

"ताई, तो फोटो काढायला सांगा. मी काय हात पसरलेत?"

मी म्हटलं, मुलाने चांगल्या मनाने केलंय.

"माहीत आहे मला. त्याचे पैसे त्याला परत करा, आणि बाकीच्यांचेही. मला दळण आणायला सांगा. दळण आणलंत तर मी उभा राहीन."

फोटो काढला, पैसे परत केले. मुलाला वाईट वाटलं, त्याची समजूत घालावी लागली. तेव्हापासून आम्ही एक नियम केला. कोणाच्याही दुकानाचा, मालाचा, चेहऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. साधा नियम आहे, पण पुरानंतरच्या दिवसांत सगळ्यांच्या हातात फोन असतो आणि विचारायला कोणी थांबत नाही. काका पंचेचाळीस वर्षं या गल्लीला पीठ देत आहेत. त्या फोटोत ते घेणारे झाले होते, ही त्यांची सल होती.

"दळण आणा" या त्यांच्या दोन शब्दांतूनच पुढची कल्पना आली. दळण आणा, पण त्याचे पैसे आधी द्या.

आगाऊ दळण

काकांना तेव्हा काय हवं होतं ते नीट पाहायला हवं. गिऱ्हाईक त्यांच्याकडे होतंच, त्यामुळे जाहिरातीची गरज नव्हती. गरज होती पुढच्या आठ दिवसांत हातात येणाऱ्या रोख पैशांची. दोन मोटरी रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला, टाकायच्या होत्या, बेअरिंग बदलायची होती, पट्टे नवे, स्विचबोर्ड नवा. शहरभर हीच स्थिती. रिवाइंडिंगवाल्यांकडे पंप, वॉशिंग मशीन, लिफ्टच्या मोटरी असे ढीग लागले होते, आणि जो रोख देईल त्याचं काम आधी होत होतं.

आम्ही ठरवलं की ज्याला जमेल त्याने 500 रुपये काकांना आगाऊ द्यायचे, आणि ते पुढच्या दळणांतून वळते करून घ्यायचे. पैसे थेट सुनेच्या यूपीआयवर. ग्रुपवर आकडा कोणी टाकायचा नाही, नाव टाकायचं नाही. मी वहीत घर नंबर आणि रक्कम लिहीन आणि सून तिच्या वहीत. दोन वह्या रविवारी जुळवायच्या. चार दिवसांत एकेचाळीस घरांनी दिले, म्हणजे 20,500 रुपये.

बडोद्याला ही गोष्ट परकी नाही. भाऊसाहेब कवठेकर, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर, यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये इथे अन्योन्य सहायकारी मंडळी निघाली. देशातल्या सगळ्यात पहिल्या सहकारी पतसंस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो 1904 मध्ये, मंडळीच्या पंधरा वर्षांनंतर. आपापसांत ओळख असलेल्या माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याला नड आहे त्याला वापरू द्यायचे, एवढंच तिचं सूत्र. माझे आजोबा तिचं नाव 'अन्योन्य' एवढंच घ्यायचे, जणू घरातलं माणूस.

आता उधारीची वही. लगदा झालेली पानं काकांनी टाकून द्यायला काढली होती. सुनेने ती एकेक करून वर्तमानपत्रात घालून पंख्याखाली वाळवली. काकांची सवय शिसपेन्सिलने लिहायची, आणि शिसं पाण्यात विरघळत नाही. शाईने लिहिलेली काही पानं निळी होऊन गेली, पण पेन्सिलीची बरीच वाचता आली. तोपर्यंत आम्ही ग्रुपवर टाकलं होतं: ज्यांची उधारी असेल त्यांनी आपला आकडा सुनेला खासगीत कळवावा, ग्रुपवर लिहू नये. लोकांनी कळवले, आणि पानं वाळल्यावर ताडून पाहिले. जवळजवळ सगळे जुळले. तिघांनी वहीपेक्षा जास्त सांगितले होते. दोघांचे जुळले नाहीत आणि काकांनी त्यांचा आकडा मान्य केला. ही रक्कम आगाऊ दळणापेक्षा थोडीशीच कमी होती, आणि तीवर काही परतफेड नव्हती, ती काकांचीच होती. पुरानंतर दुकानदाराला मदत करायची असेल तर पहिलं काम हे करावं असं मला वाटतं: त्याचे आपल्याकडचे पैसे देऊन टाकावेत. देणगीची चर्चा त्यानंतर.

पिठी आधी

7 सप्टेंबरला गणपती. पाणी उतरून आठच दिवस झालेले. काकांचा बेत मोठी मोटर आधी करून घ्यायचा होता, कारण रोजचं उत्पन्न गव्हाचं. सुनेच्या मनात शंका होती. तिने मला विचारलं, ग्रुपवर मतं घेता येतील का? व्हॉट्सॲपवर पोल टाकता येतो. प्रश्न एकच ठेवला: गणपतीआधी कोणतं दळण हवं आहे? गहू, तांदळाची पिठी, बेसन, काहीच नाही.

निकालाने काका चकित झाले. पिठी सगळ्यांत वर आली. गव्हाचं पीठ लोकांनी पुरात घाईने पाकिटातलं आणून ठेवलं होतं, ते अजून पंधरा दिवस पुरणार होतं. पण उकडीच्या मोदकांची पिठी पाकिटातली चालत नाही अशी घरं आमच्याकडे पुष्कळ. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, गिरणीतून बारीक दळून आणायचा हा दरवर्षीचा क्रम. त्यासाठी धाकटी मोटर लागते. शिवाय धाकटी आहे म्हणून रिवाइंडिंगला खर्च कमी आणि वेळही कमी.

मग धाकटी आधी केली. आगाऊच्या पैशांतून तिचं काम पुरं झालं आणि मोठीसाठी इसार देता आला. शेजारच्या ग्रुपचा जो उपयोग मला आधी कधी सुचला नव्हता तो हा. तीनशे माणसांना परवा काय लागणार आहे हे एका संध्याकाळी कळतं. नुकसान झालेल्या दुकानदाराकडे सगळं एकदम दुरुस्त करायला पैसे नसतात. कशापासून सुरुवात करायची हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि अंदाज चुकला तर पहिला पैसा अडकून पडतो.

धाकट्या जात्याच्या दगडाला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने ठोकून तो पुन्हा खरबरीत करून घेतला. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कोणाच्या खाण्याचं घेत नाहीत, दगडाची कचकच येते. ग्रुपवर विचारलं, कोणाकडे खराब झालेले तांदूळ आहेत का? पुरात अर्धवट भिजलेले तांदूळ चार घरांतून आले, ते दळून गाईंना गेले.

"चालू झाली"

बुधवारी, 4 तारखेला, मोटर बसवून नुसती फिरवून पाहिली. आत दाणाही घातला नव्हता. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी आवाज ऐकला आणि ग्रुपवर लिहिलं: "गिरणी चालू झाली!!" अर्ध्या तासात ते शेजारच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलं. संध्याकाळी गिरणीसमोर तांदळाच्या पिशव्या घेऊन पंचवीस-तीस जणं उभी. काकांनी हात जोडून सगळ्यांना परत पाठवलं. त्यातल्या काहींनी दांडिया बाजाराकडे जाऊन पिठी दळून आणली. चूक त्यांची नव्हतीच.

वाईट म्हणजे तो मेसेज मेला नाही. त्यावर तारीख नव्हती, त्यामुळे फिरत फिरत तो शुक्रवारी पुन्हा आमच्याच ग्रुपवर आला. तेव्हा गिरणी खरंच चालू होती, आणि कोणी विश्वास ठेवीना. "परवासारखं होईल," असं लोक म्हणाले.

त्या रात्री आम्ही दोन गोष्टी केल्या. गिरणी चालू आहे की बंद हे फक्त सुनेच्या नंबरवरून येणार, बाकी कोणी लिहायचं नाही. आणि तिच्या प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला वार, तारीख, वेळ. "शुक्रवार 6 सप्टेंबर, सकाळी 8 ते रात्री 10. फक्त तांदूळ. गहू अजून नाही." हा मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवला, रोज बदलला. गणपतीच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत जातं चालू होतं. पांढऱ्या धुळीने काकांच्या भुवया दिसत नव्हत्या.

दुकान उघडण्याची बातमी एक दिवस उशिरा गेली तरी चालते. एक दिवस आधी गेली तर ते महागात पडतं. हे मी आता प्रत्येक ग्रुपवाल्याला सांगते.

शिवणकामाच्या ताई

इथवर वाचून वाटेल की आमचा ग्रुप फार शहाणा होता. तसं नाही.

गिरणीच्या पलीकडे ब्लाउज शिवणाऱ्या ताईंचं छोटं दुकान होतं. दोन मशीन, एक पिको-फॉलचं. मशीन वाळवून, तेल घालून चालू झाली. पण शिवायला आलेलं कापड? पैठणीचा ब्लाउजपीस, कोणाच्या आईच्या साडीतून काढलेला तुकडा, लग्नाचा शालू फॉलसाठी आलेला. गहू गेले तर गहू आणता येतात, आईच्या साडीचा तुकडा कुठून आणणार?

ज्यांचा शालू गेला त्या बाईंच्या मुलीचं लग्न डिसेंबरात होतं. त्यांनी रात्री ग्रुपवर मोठा मेसेज लिहिला. त्यातलं दुःख खरं होतं, आणि शेवटची एक ओळ कडू होती: ताईंनी माल वरच्या फळीवर का ठेवला नाही? त्याखाली आणखी दोघींनी आपापल्या साड्यांचं लिहिलं. आम्ही चालवणाऱ्यांनी काय करावं याचा विचार करत सकाळ केली. सकाळपर्यंत तो मेसेज सगळ्यांनी वाचलेला होता. मग तो काढला असता तर ताईंना वाचवतोय असं दिसलं असतं, ठेवला तर ताईंवर ठपका. आम्ही ठेवला आणि खाली "कृपया आपापसांत बोलावं" एवढं लिहिलं. ते फार दुबळं होतं.

ताईंना त्यानंतर नवं काम येईना. कोणी बोलून दाखवलं नाही, पण गणपती-गौरीच्या घाईत लोक दुसरीकडे गेले. नवरात्रीच्या तोंडावर त्यांनी दुकानाची जागा सोडली आणि घरातल्या हॉलमध्ये मशीन मांडली. आजही तिथूनच शिवतात. शालूच्या बाई आणि त्या पुढे बोलल्या, समेट झाला, पैसे हप्त्यांनी ठरले. पण तो समेट कोणी ग्रुपवर लिहिला नाही. तक्रार तीनशे जणांनी वाचली होती, मिटल्याचं दोघींनाच माहीत होतं.

मला या भागाबद्दल अजून खंत वाटते. काकांच्या बाबतीत आजींचा मेसेज पहिला आला, ताईंच्या बाबतीत कडू ओळ पहिली आली. आम्ही त्या दोन रात्रींत काहीच वेगळं केलं नव्हतं. आता आमचा नियम आहे: आपत्तीनंतर पहिले पंधरा दिवस कोणत्याही दुकानाबद्दलची तक्रार ग्रुपवर नाही, थेट दुकानदाराकडे, आणि गरज वाटली तर मध्ये आम्ही दोघी-तिघी. नियम झाला, पण ताईंच्या उपयोगी आला नाही.

ग्रुपमध्ये नसलेला

चौकात शेव-उसळीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणारे भाई आमच्या गल्लीत राहत नाहीत. संध्याकाळी सहा ते दहा ते आमचे असतात, मग वाघोडियाच्या बाजूला घरी जातात. लारी तिथेच साखळीने बांधलेली असायची. ती पाण्याने ढकलत नेऊन भिंतीवर आपटली. स्टोव्ह, पातेली, सगळं गेलं. गल्लीतल्या दुकानांची यादी आम्ही केली त्यात त्यांचं नाव नव्हतं. घर नंबर विचारून नंबर जोडायचा ही आमची चांगली अट, पण तीच त्यांना बाहेर ठेवत होती. ते दहा दिवस आले नाहीत आणि ग्रुपवर कोणी विचारलं नाही, कारण ग्रुपवर ते कधी नव्हतेच. शेवटी एका शाळकरी मुलीने विचारलं, भाई कुठे गेले?

सप्टेंबरात गुजरात सरकारने बडोद्यातल्या पूरग्रस्त व्यावसायिकांसाठी मदत जाहीर केली. लारीला 5,000, लहान केबिनला, म्हणजे टपरीला, 20,000, मोठ्या केबिनला 40,000, आणि महिना पाच लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला 85,000 रुपये. काकांचा अर्ज सुनेने केला. भाईंकडे अर्जाला जोडायला काही नव्हतं. लारी होती, कुठे होती, कशी होती, हे दाखवायचं कशाने? तेव्हा ग्रुप उपयोगी पडला. तीन वर्षांत कोणाकोणाच्या वाढदिवसाचे, पावसातल्या प्लेटांचे फोटो लोकांनी ग्रुपवर टाकले होते. मागे सरकत सरकत चौदा फोटो सापडले, त्यात लारी, चौक, भाई, सगळं दिसत होतं आणि प्रत्येकावर तारीख. ते छापून भाईंच्या हातात दिले.

मदत यायला वेळ लागतो, म्हणून लारी दुरुस्त करायला आठ-दहा घरांनी आगाऊ प्लेटांचे पैसे दिले. गिरणीसारखीच पद्धत. भाई मला म्हणाले, "बेन, वांधो नाही, पण लिहून ठेवा हां. मी विसरेन." लिहून ठेवलं.

दिवाळीचा पेच

आगाऊची खरी अडचण ऑक्टोबरात आली. कोणत्याही आगाऊ योजनेत ती येणारच, आणि आम्ही आधी विचार केला नव्हता म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

मोठी मोटर अनंत चतुर्दशीच्या सुमारास आली. पितृपक्षात गव्हाचं दळण वाढलं. मग दिवाळीआधी चकलीची भाजणी, बेसन, अनारशाचं पीठ. गिरणीला मुंगी शिरायला जागा नाही. आणि काकांच्या गल्ल्यात पैसा नाही! जो येतो तो म्हणतो, माझ्या आगाऊतून वजा करा. काम दुप्पट, वीज दुप्पट, हातात येणारं जवळजवळ शून्य. सप्टेंबरचं मोठं वीजबिल भरायला काकांनी मेहुण्याकडून पैसे घेतले हे मला सुनेने सांगितलं तेव्हा मी हादरले. आम्ही त्यांना पुरातून काढून दिवाळीत बुडवत होतो.

रविवारी वह्या जुळवताना तिघांनी बसून तोड काढली. प्रत्येक दळणाला निम्मे पैसे आगाऊतून वजा करायचे, निम्मे रोख. आगाऊ दुप्पट दिवस टिकेल, आणि रोज थोडी रोकड येत राहील. ग्रुपवर कारणासकट लिहिलं, काही लपवलं नाही. दोन जणांनी विचारलं, आधी असं ठरलं नव्हतं ना? बरोबर होतं त्यांचं, त्यांची पूर्ण रक्कम आधी ठरल्याप्रमाणे वजा केली. बाकी एकोणचाळीस घरांनी नवं मान्य केलं. डिसेंबरअखेर सहा घरं सोडून सगळ्यांची आगाऊ फिटली. त्या सहांनी राहू द्या म्हटलं. काकांनी ऐकलं नाही, ती नावं वहीच्या पहिल्या पानावर आहेत आणि दळण आलं की अजून वजा होतात.

पुन्हा कधी करायची वेळ आली तर मी निम्मं-निम्मं पहिल्या दिवसापासून ठेवीन. आणि एका घराकडून 500 च्या वर घेणार नाही. एका गृहस्थांना पाच हजार द्यायचे होते, आम्ही नाही म्हटलं. एवढे पैसे देणारा माणूस पुढे गिरणीत येऊन सल्ले देऊ लागतो.

घरघंटीचं एक सांगायचं राहिलं. गिरणी बंद होती तेव्हा गल्लीतल्या तीन वहिनींनी घरच्या घंटीवर शेजाऱ्यांचं थोडं थोडं दळून दिलं, पैसे घेऊन. दोघींनी नंतर थांबवलं. तिसरीला त्या पैशांची सवय झाली होती आणि गरजही होती. ग्रुपवर कोणीतरी कुजबुजलं की हे काकांच्या पोटावर पाय आहे. काकांनीच ते मिटवलं. नवरात्रात उपासाचं पीठ, राजगिरा, वरी, शिंगाडा, गव्हाच्या जात्यावर नको असतं, आणि किलो-दोन किलोसाठी त्यांना जातं साफ करायला परवडत नाही. "उपासाचं सगळं वहिनींकडे न्या," असं त्यांनी सुनेकरवी लिहवलं. अजूनही तसंच चालतं.

2025 च्या उन्हाळ्यात महापालिकेने विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करायचं काम केलं. काकांनी आपल्या परीने दोन्ही मोटरी चार फूट उंच ओट्यावर चढवल्या आणि भिंतीला डब्यांसाठी लोखंडी मांडणी केली, माणसाच्या डोक्याच्या वर. उधारीची वही आता सुनेच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर असते. लिहितात अजून पेन्सिलीनेच.

त्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दिवशी ग्रुपवर सुनेचा मेसेज आला. वार, तारीख, वेळ, आणि खाली: "पाऊस असेपर्यंत डबे रात्री गिरणीत ठेवू नयेत. दळून झालं की नऊच्या आत घेऊन जावे. ज्यांना जमणार नाही त्यांचे डबे मी वर आमच्या घरी नेऊन ठेवीन, तसं कळवा." पहिलं उत्तर कोपऱ्यातल्या आजींचं होतं, नातवाने लिहिलेलं. "माझा वर ठेव."